घरटी एक पाटी

आवाज तसा मोठा झाला नव्हता. शेजारच्या गल्लीत कुणी लोखंडी पिंप पाडलं असतं तर याहून मोठा झाला असता. पण भीमराजच्या हातातला कप हलला, चहा बशीत सांडला आणि पाठोपाठ भाजल्या चुन्याचा वास आला, तेव्हा त्याला कळलं की ओव्हन गेला. तो उठला नाही. रविवारची सकाळ होती, कधी नव्हे ती लाइट होती, आणि ती जायच्या आत निदान चार तुकडे भाजून घेऊ एवढाच त्याचा हिशेब होता. आता घाई कसली, म्हणून त्यानं बशीतला चहा परत कपात ओतला आणि सावकाश प्यायला. आतून ज्योती म्हणाली, "गेला." एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओव्हन तिचा होता, लग्नात तिच्या भावानं नांदेडहून आणून दिलेला. पहिलं वर्षभर त्यावर विणलेला रुमाल होता. त्यात तिनं कधी दूध तापवलं, कधी पाहुण्यांसमोर पापड भाजले. नंतर त्यात काँक्रीटचे तुकडे जायला लागले, आणि तिनं रुमाल काढून घेऊन घडी करून कपाटात ठेवला. भीमराज आत गेला. ओव्हनचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं, आतली काचेची थाळी दुभंगली होती, आणि तुकड्याचा असा काही चुरा झाला होता की दगड कुठला आणि सिमेंट कुठलं ते सांगता येऊ नये. त्यानं एक कपची उचलून बोटांनी चुरडली. आतून ओली होती. चांगली चिंब. मग मात्र त्याच्या डोक्यात तिडीक गेली, कारण हे कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती.

अंगणात त्याचे वडील जळबा पाइप धरून मलब्याच्या ढिगाला पाणी मारत होते. सकाळच्या उन्हात ढीग काळाभोर झाला होता आणि खालून सिमेंटचं पांढुरकं पाणी फाटकाकडे वाहत होतं. जळबांनी सगळा जन्म सरकारी बांधकामांवर मजुरी केली होती, आणि उतारवयात मुकादमानं त्यांना हलकं काम दिलं होतं ते हेच, नव्या स्लॅबला पाणी मारायचं. ते काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की सिमेंट दिसलं की त्यांचा हात नळाकडे जायचा. हे सिमेंट तीस वर्षांचं म्हातारं आहे, फोडून आणलेलं आहे, त्याला आता पाणी पाजून ते काही पैलवान होणार नाही, हे भीमराजनं त्यांना किती वेळा सांगितलं असेल. "बाबा, कोरडं ठेवा म्हटलं होतं ना मी?" तो म्हणाला. आपला आवाज वर्गातल्यासारखा लागतोय हे त्याला ऐकू आलं. "आतमध्ये पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ती फोडून निघते. ओव्हन फुटला तिकडं." जळबांनी पाइप न हलवता त्याच्याकडे पाहिलं. "अन् त्या दिशी तूच म्हनला की, जराशी ओल पायजे म्हून." "जराशी! जराशी म्हणजे ओला फडका फिरवल्यासारखी. तुम्ही अंघोळ घालून राहिले." "मंग तसं बराबर सांगाव की," जळबा म्हणाले, आणि नळ बंद करायला गेले, तेही पाइप नीट गुंडाळत, घाई न करता. भीमराजला वाटलं, आपण इथंच ढिगावर बसावं आणि मोठ्यानं हसावं, नाहीतर डोकं आपटून घ्यावं. दोन्हीपैकी काहीच त्याला जमण्यातलं नव्हतं.

हा ढीग इथं आला तो त्याच्या जिभेमुळं. गोरेगावच्या अलीकडच्या त्यांच्या गावातलं जुनं विहार म्हणजे एक खोली आणि वर एक स्लॅब. स्लॅब गळायला लागला, सळया गंजून फुगल्या, वाचन चालू असताना वरून खपल्या पडायला लागल्या, तेव्हा पाडून नवं बांधायचं ठरलं. काम गोरेगावच्या शिवहारला दिलं. माणूस सरळ होता. त्यानं बैठकीत सरळपणेच सांगितलं की मलबा नाल्यावरच्या रस्त्यात टाकू, तिथं खड्डे फार झालेत. त्यावर बाया उसळल्या. त्या स्लॅबातली गिट्टी कुठल्या खाणीतून आलेली नव्हती. विहार बांधलं त्या साली गावानं ठरवलं होतं, घरटी एक पाटी गिट्टी, आणि ती त्या घरच्या बाईनं आपल्या दारात बसून आपल्या हातानं फोडलेली. विकतची चालणार नाही, मजूर लावून फोडलेली चालणार नाही. नाल्याकाठचा काळा दगड आणायचा, मांडीखाली पोतं घ्यायचं आणि हातोडी चालवायची. ती गिट्टी आता ढोरांच्या आणि ट्रॅक्टरच्या पायाखाली? रुख्मिणीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमची गिट्टी आमाला सुटी करून द्या. नव्या स्लॅबात पुन्हा टाकू." शिवहार हसला. म्हणाला, "मावशी, सिमेंटातून गिट्टी सुटी होत असती तर मी ठेकेदारी सोडून तेच केलं असतं." आणि तिथं, मागच्या रांगेत, मुकाट्यानं चहा पिणारा भीमराज बोलून गेला, "होते. मायक्रोवेव्हनं होते." सगळी मुंडकी त्याच्याकडे वळली. त्याला अजून आठवतं, त्या क्षणी त्याला बरं वाटलं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो कॉलेजातून हिंगोलीतल्या आपल्या घरी आला तर फाटकासमोर ट्रॅक्टर उभा, ट्रॉली वर झालेली, आणि अर्धं विहार अंगणात ओतलेलं.

होते म्हणजे कशी होते, हे बैठकीत कुणीच विचारलं नाही. कॉलेजातही विचारत नसत. हिंगोलीच्या त्या खासगी तंत्रनिकेतनात तो काँक्रीट शिकवायचा आणि नांदेडला पीएच.डी.साठी नाव घातलं होतं ते आता लोक विसरले होते. विषय सांगितला की समोरचा आधी हसायचा. प्राचार्य तर भेटेल त्या पाहुण्याला सांगत, "हे आमचे सर, हे स्लॅब भाजून खातात." भीमराजला ह्या विनोदाचा इतका वीट आला होता की तो आता स्वतःच आधी हसायचा. गोष्ट खरं तर साधी होती. दगडाला त्या लहरी फारशा लागत नाहीत, भोवतीच्या सिमेंट-वाळूच्या लेपाला लागतात, त्यातल्या ओलीला तर जास्तच. लेप आधी तापतो, दगड थंड राहतो. एक फुगतो, दुसरा फुगत नाही, आणि दोघांची जिथं मिठी असते तिथंच तडा जातो. मग हातोडीचा हलका ठोका दिला की लेप गळून पडतो आणि दगड जसा घातला होता तसा बाहेर येतो. नुसत्या घणानं फोडलं तर दगडही फुटतो आणि लेपही चिकटून राहतो. बायांनी मागाहून विचारलं होतं, चुलीत घातलं तर? चुलीत सगळंच तापतं मावशी, दगडसुद्धा, आणि दगडही तडकतो. हे सगळं त्यानं समजावून सांगितलं होतं आणि त्यांनी माना डोलावल्या होत्या. फक्त एक गोष्ट त्यानं सांगितली नव्हती. ह्यासाठी खोलीएवढी भट्टी लागते, ती साऱ्या मराठवाड्यात कुठंही नाही, आणि त्याच्याकडं आहे तो पापड भाजायचा डबा, ज्यात एका वेळी नारळाएवढा तुकडा मावतो, तोही लाइट असली तर. लाइट असायची कधी? सकाळची गेली की दुपारी, दुपारची आली की आपण कॉलेजात. हिंगोली जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले होते, आता लाइट चोवीस तास म्हणून. त्या पेढ्याची चव त्याला अजून आठवायची आणि राग यायचा.

आणि तरी तो भाजत राहिला. उन्हाळा संपला, पाऊस येऊन गेला, ज्योतीनं जेवणाची ताटं ओट्याऐवजी स्टुलावर मांडायची सवय लावून घेतली, आणि तो तुकड्यामागून तुकडा भाजत राहिला. सगळ्या गावाच्या गिट्टीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, हे त्यानं स्वतःशी कबूल केलं होतं. त्याला एकच पाटी हवी होती. त्याची आई केशरबाई जाऊन चार वर्षं झाली होती. तिचं असं काही मागं उरलेलं नव्हतं. एक फोटो होता, तोही आधारासाठी कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवलेला, आणि तो खांदा कुणाचा ते कापून टाकलेलं. लुगडी वाटून टाकली होती. पण लहानपणी पावसाळ्यात विहारात ग्रंथाचं वाचन चालायचं तेव्हा ती भिंतीला टेकून बसायची, तो तिच्या मांडीवर आडवा असायचा, आणि मध्येच ती त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड वर करायची. "थे पाय, वर. माही गिट्टी हाय तिथं." छताला चुना दिलेला असायचा, गिट्टी कुठली दिसणार. तरी तो बघायचा. वाचणारा पुढं जायचा, बाया मान डोलवायच्या, तिच्या लुगड्याला चुलीचा आणि शेळीच्या दुधाचा वास असायचा, आणि त्याला वाटायचं की हे सगळं घर आईनं डोक्यावर पेलून धरलंय. पुढं तो शिकला, काँक्रीट शिकवायला लागला, स्लॅब कशानं तरतो ते फळ्यावर रोज काढायला लागला. पण घरी गेला की ती अजून तेच सांगायची, नातेवाइकांना, सुनेला, भांडी विकायला आलेल्या बाईलासुद्धा. त्याला लाज वाटायची. एकदा तो चिडून म्हणाला होता, "आई, एका पाटीनं काय होतं? सगळ्यांचीच आहे तिथं." ती हसली होती. कसं, ते आता त्याला नीट आठवत नव्हतं, आणि अलीकडं ते आठवायचा प्रयत्न करताना तो चालत्या वर्गात मध्येच थांबायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची.

परवा नव्या विहाराचा स्लॅब पडणार होता. शिवहारचा निरोप आला होता, जी काय असंल ती गिट्टी धुऊन पाठवा, कालवून टाकू, दोन घमेल्यांनी माझा स्लॅब काही पडत नाही. दोन घमेलीच होती. एवढ्या महिन्यांत, लाइटीच्या एवढ्या पाळ्यांत, एवढ्या वैतागात दोन घमेली स्वच्छ काळी गिट्टी निघाली होती आणि बाहेर ढीग होता तसाच होता, जळबांच्या कृपेनं न्हाऊनधुऊन ताजातवाना. आणि आज बाया येणार होत्या गिट्टी न्यायला. त्यांना वाटत होतं सगळी सुटी झाली असेल. भीमराज ओसरीच्या पायरीवर बसून मनात वाक्यं जुळवायला लागला. मावशी, जमलं नाही. मावशी, मी बोलून गेलो. मावशी, ट्रॅक्टर बोलावतो, रस्त्यातच जाऊ द्या. प्रत्येक वाक्य तोंडात आलं की भाषणासारखं व्हायचं. ज्योती चुरा भरून बाहेर आली, सूप ढिगावर रिकामं करून म्हणाली, "त्यांना खरं सांगा. उगंच लांबवू नका," आणि आत गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण ती बरोबर बोलत होती, आणि आज बरोबर बोलणारं कुणीच त्याला सहन होत नव्हतं.

जीप आली ती खच्चून भरलेली. रुख्मिणीबाई पुढं, चांगुणा मागच्या फळीवर पाय बाहेर सोडून, आणखी पाच-सहा म्हाताऱ्या, त्याच वयाच्या, त्याच पांढऱ्या पातळांतल्या. त्यांनी सोबत रिकामी पोती आणली होती. चांगली झटकलेली, दुमडून काखेत धरलेली पोती. जळबांनी सगळ्यांना जयभीम केला, पाणी दिलं. "कुठं हाय?" चांगुणानं विचारलं. तो ओसरीवरची घमेली दाखवत म्हणाला, "एवढीच निघाली." रुख्मिणीबाईंनी ढिगाकडे पाहिलं, मग घमेल्यांकडे, मग त्याच्याकडे. "अन् हे?" "हे राहिलं. मशीन फुटली सकाळी. पुन्हा नाही होणार आता माझ्याच्यानं." जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही नव्हतं हे. कुणी रागावलं तर रागावू दे, असं म्हणून तो वाट बघत राहिला. पण बाया घमेल्यांभोवती बसल्या. एकीनं मूठभर गिट्टी उचलली, तळहातावर पसरली, उन्हात धरली. "कशी निघाली गं. काल फोडल्यावानी." "हा माहा," दुसरी म्हणाली. "मी असा चपटा फोडायची. सडकेच्या कामावर मुकादम वरडायचा मला, भाकरी थापून राहिली का म्हून." "जाय, थो माहा हाय. टोकदार बारीक माहे ऱ्हायचे." मग जो तो दगड जिचा तिचा व्हायला लागला. त्या हसत होत्या, एकमेकींच्या हातावर चापट्या मारत होत्या, घमेल्यात हात घालून खालवर करत होत्या, आणि भीमराज ओसरीच्या खांबाला टेकून ते बघत होता. त्याच्या कानशिलात सकाळपासून साचलेलं काहीतरी वर वर चढत होतं.

"यात कुणाचं काही नाही!" तो एकदम ओरडला. आतून ज्योती दारात आली. "सगळा एका नाल्याचा दगड आहे. एकाच रंगाचा, एकाच जातीचा. तीस वर्षांनी कोण ओळखणार कुणी कुठला फोडला? मी रोज एकेक दगड धुतो, बघतो, बाजूला ठेवतो. मला माझ्या आईचा एक ओळखता आला नाही, आणि तुम्ही खुशाल वाटे करून राहिल्या!" त्याचा आवाज शेवटी फाटला, आणि तो फाटला म्हणून त्याला स्वतःचाच आणखी राग आला. बायांचे हात थांबले. रुख्मिणीबाईंनी मूठ हळूच घमेल्यात सोडली. मग चांगुणा म्हणाली, "तुह्या मायचा कुठून गवसंल तुला? तिनं फोडलीच न्हाई." "काहून काढली थे गोष्ट, चांगुणे?" जळबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे म्हनलं होतं ना." "पोरगं येडं व्हायची वेळ आली जळबादादा, आता काय ऱ्हाऊ द्यायचं?" ती भीमराजकडे वळली. "दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडता फोडता तुह्या मायचं पयलं लेकरू गेलं. पोटातलं. जागच्या जागी. तू त्यानंतरचा. विहाराची गिट्टी निघाली तवा तू पोटात व्हता, दिस भरत आले व्हते. थे हातोडी घेऊन बसलीच व्हती दारात. हे रुख्मिण गेली अन् हातोडी घेऊन आली तिच्याकडची. म्हनली, केशर, उठ, तू फोडू नको." रुख्मिणीबाई घमेल्याकडे बघतच बोलल्या, "थे रडायली. म्हनली, घरटी पाटी हाय, माही ऱ्हाईल ना. मंग आमी हरेकीनं आपल्या पाटीतून एकेक वंजळ टाकली तिच्या पाटीत. भरली पाटी. डोक्यावर मातर तिनंच घेतली. न्हाई ऐकली."

भीमराजला बसावंसं वाटलं म्हणून तो पायरीवर बसला. आई कशी हसली होती ते आता त्याला आठवलं नाही, आठवेलसंही वाटलं नाही. "ती तर सगळ्यांना सांगायची," तो म्हणाला. "माझी गिट्टी आहे म्हणून." "मंग? व्हतीच की," चांगुणा म्हणाली. "आमच्या म्होरं सांगायची. आमी बसलेलो असायचो अन् सांगायची. कोनी कदी न्हाई म्हनलं न्हाई." जळबा फाटकाकडे तोंड करून उभे होते. त्यांची पाठ त्याला दिसत होती, आणि हा माणूस इतकी वर्षं हे पोटात घेऊन बसला, सकाळी आपण एवढं ओरडलो तरी बोलला नाही, याचा त्याला नव्यानं संताप आला. असा संताप की डोळ्यांत पाणी यायला लागलं. म्हणजे मी इतके महिने शोधत होतो ते काय होतं? आणि मग त्याला हेही कळलं की ते घमेल्यात कुठंही असू शकतं, कुणाच्याही हातचं, आणि म्हणून त्यानं धुतलेल्या दगडांतला एकही चुकीचा नव्हता. ह्या विचारानं त्याला समाधान व्हायला हवं होतं. त्याला रडू आलं. ज्योती येऊन शेजारी बसली, पण तिनं हात लावला नाही. ते बरंच झालं.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. त्याला औंढ्याची सवारी गाठायची होती. रुख्मिणीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. त्यांनी काखेतलं पोतं झटकून उघडलं, चांगुणानं तोंड धरलं, आणि दोन्ही घमेली त्या एका पोत्यात रिती केली. मघाशी हातात घेतलेले दगड बाकीच्या बायांनीही त्यात टाकले, हा माझा म्हणून भांडलेलेसुद्धा. "हे केशरची पाटी," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "परवा पयली हेच पडंल. शिवहारला सांगते मी." भीमराजनं ढिगाकडे पाहिलं. दुमडलेली बाकीची पोती तिथं पायरीवर तशीच पडली होती. "आणि तुमच्या पाट्या?" त्यानं विचारलं. "तुमची गिट्टी तर सगळी राहिली ह्यात."

"ऱ्हाऊ दे," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "आमी हावोत की आजून."

त्या जीपकडे निघाल्या. पोतं जड होतं, दोघींना उचलेना. भीमराज उठला आणि त्यानं ते खांद्यावर घेतलं.